तसबीर आणि तबकडी : ‘संशयकल्लोळा’च्या एका जुन्या ध्वनिमुद्रिकेचा न्यायनिवाडा

बेळगावाहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की शहर पुरते संपण्यापूर्वीच हिंडलगा लागते. या गावातील एका घरी माळ्यावरची पेटी उघडली गेली आणि तीत जुन्या लाखेच्या काही तबकड्या निघाल्या, म्हणून आम्हांस बोलावणे आले. घरातील मंडळींचा प्रश्न साधा होता. यांतील कोणती तबकडी जपून ठेवण्याजोगी आहे आणि कोणती नाही, एवढे आम्ही सांगावे. बहुतेक तबकड्यांविषयी सांगणे कठीण गेले नाही. एका तबकडीने मात्र साऱ्या बैठकीत वाद उत्पन्न केला आणि तो वाद आम्हांस अद्याप विचार करावयास लावीत आहे. त्याचे स्वरूप येथे मांडतो. कारण जुन्या नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रिकांविषयी आपण शिक्षक आणि अभ्यासक जे अभिप्राय देतो, त्यांतील नेहमीचे दोष या एकाच उदाहरणात एकत्र आलेले आहेत.

तबकडीच्या मध्यभागी चिकटविलेल्या कागदावर ‘संशयकल्लोळ’ हे नाटकाचे नाव स्पष्ट वाचता येत होते. त्याखालील गायकाच्या नावाची ओळ मात्र झिजून गेली होती. बाजूवर रेवतीचे एक पद होते. पद ऐकून झाल्यावर तीन मते पुढे आली. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, हा आवाज बालगंधर्वांचाच. आपल्या वडिलांनी तसे सांगितल्याचे त्यांना स्मरत होते. शेजारच्या एका गृहस्थांनी ऐकताऐकता मान हलविली आणि म्हटले, “हे आपलं मराठी न्हवं.” गाणाऱ्याचा ‘श’ नीट उमटत नाही, सबब हा कोणी कानडी मुलखातला गायक असावा, असा त्यांचा तर्क होता. तिसरे मत एका तरुण शिक्षकाचे. त्यांनी विचारले, “नाटक विनोदी ना? मग यात हसण्यासारखे आहे काय?” त्यांच्या मते नाटकाचा प्राणच तबकडीत उतरलेला नसल्यामुळे तिला विशेष मोल नव्हते.

तिन्ही मते प्रामाणिक होती आणि तिन्हींना काही आधारही होता. तरीही आमच्या मते तिन्ही घाईची होती. ती तशी का होती हे समजण्यासाठी प्रथम नाटकाकडे वळले पाहिजे. कारण घाईने काढलेल्या अनुमानांची फजिती हाच या नाटकाचा विषय आहे.

गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म १८५५ साली सांगलीजवळच्या हरिपूर येथे झाला. त्यांचे शिक्षण बेळगावास झाले आणि काही काळ ते बेळगावासच शिक्षक होते. अण्णासाहेब किर्लोस्कर त्या काळी बेळगावास शिक्षकी करीत. देवलांस नाट्यगुरू लाभला तो या शहरात. किर्लोस्करांचा जन्म १८४३ चा, आणि त्यांचे गुर्लहोसूर हे गाव आजच्या बेळगाव जिल्ह्यातच आहे. १८८० साली पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर येऊन संगीत नाटकाचे नवे युग सुरू झाले, त्याची पूर्वतयारी ज्या परिसरात झाली तो परिसर हा असा आहे. हिंडलग्याच्या माळ्यावर देवलांच्या नाटकाची तबकडी सापडावी, यात म्हणूनच नवल मानण्याचे कारण नाही.

‘संशयकल्लोळा’चे मूळ दूरचे आहे. मोलियरने १६६० साली ‘स्गानारेल’ हे प्रहसन लिहिले. एका तसबिरीमुळे नवराबायकोंच्या आणि प्रेमिकांच्या मनांत परस्परांविषयी कसा भ्रम उत्पन्न होतो, ही त्यातील कल्पना. तीवरून आर्थर मर्फीने १७६१ साली ‘ऑल इन द राँग’ हे इंग्रजी नाटक रचले, आणि मर्फीवरून देवलांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. पुढे त्याच नाटकात पदे घालून ‘संगीत संशयकल्लोळ’ सिद्ध झाले आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. देवल त्याच वर्षी जून महिन्यात निवर्तले होते. फाल्गुनरावाचे काम गणपतराव बोडस करीत आणि रेवतीचे बालगंधर्व.

नाटकाचा घोटाळा थोडक्यात असा. गणिकेच्या घरी वाढलेली परंतु प्रतिष्ठित संसाराची आस धरून असलेली रेवती, हिच्यावर अश्विनशेठचे प्रेम आहे. वाटेत तिला घेरी येते आणि फाल्गुनराव तिला सावरतो. त्याची बायको कृत्तिका हे दुरून पाहते आणि नवऱ्याच्या वर्तनाविषयी जे मानायचे ते मानून मोकळी होते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर त्या गडबडीत पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते. बायको परपुरुषाची तसबीर न्याहाळीत आहे हे फाल्गुनराव पाहतो आणि आपल्या परीने निष्कर्ष काढतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हाती गेल्याचे कळताच अश्विनशेठही रेवतीविषयी साशंक होतो. एक वस्तू, चार माणसे, आणि प्रत्येकाचा निराळा निकाल!

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तसबीर खोटी नाही. ती खरोखरच अश्विनशेठची आहे, खरोखरच रेवतीजवळ होती आणि खरोखरच कृत्तिकेच्या हाती आली. डोळ्यांनी पाहिलेले असे सर्व खरे आहे. पाहिलेल्यास मनाने जोडलेले तेवढे खोटे आहे. देवलांनी याच्या तीन वर्षे आधी, १८९० साली, ‘झुंझारराव’ लिहिले होते. ते ‘अथेल्लो’वरचे, तेथेही संशयाचे कारण म्हणजे एक हातरुमाल, आणि तोही खराच. एकाच लेखकाने एकाच दशकात संशयाची शोकांतिकाही मराठीत आणली आणि प्रहसनही. झुंझाररावाच्या आणि फाल्गुनरावाच्या तर्काची रीत फारशी भिन्न नाही. एकाजवळ कान भरणारा खलपुरुष आहे, आणि दुसऱ्याचे कान भरायला त्याचा तो समर्थ आहे, एवढाच भेद.

पात्रांच्या नावांतही देवलांनी गंमत करून ठेवली आहे. प्रमुख पुरुषांची नावे महिन्यांवरून घेतलेली आहेत, स्त्रियांची नक्षत्रांवरून. पंचांग जाणणाऱ्या वाचकाच्या सहज लक्षात येईल की, कृत्तिकेचा महिना कार्तिक. फाल्गुनाशी तिचा मेळ नाही. उलट सत्तावीस नक्षत्रांत रेवती संपताच अश्विनी लागते. नावांतच एक जोडपे विजोड आणि दुसरे शेजारी! शाळेत हे नाटक शिकविणाऱ्यांना हा धागा उपयोगी पडावा.

आता तबकडीकडे येऊ. हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास आरंभ झाला. पहिल्या तबकड्या छापून घेण्यासाठी मूळ ठसे जर्मनीत हानोव्हरला पाठवीत. तेथील कारागिरांना गायक ओळखता यावा म्हणून आरंभीच्या काळात कित्येक कलावंत गाण्याच्या शेवटी आपले नाव उच्चारीत. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला आणि तबकड्या इकडेच तयार होऊ लागल्या. ध्वनिमुद्रणात विजेचा उपयोग पाश्चात्त्य देशांत १९२५ पासून सुरू झाला आणि लवकरच तो इकडेही आला. त्यापूर्वी गायक एका मोठ्या कर्ण्यापुढे उभा राहून गाई. आवाजाच्या धक्क्याने पडदा हाले, पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या थराळ्यावर रेघ ओढी आणि त्या रेघेचा पुढे ठसा घेत. त्यात वाढवणारे यंत्र नव्हते आणि सावरणारेही नव्हते.

एवढ्या माहितीवरून आमच्या तबकडीचा काळ बराचसा ठरतो. पदे १९१६ च्या संगीत प्रयोगासाठी नाटकात आली; तेव्हा तबकडी त्यापूर्वीची असू शकत नाही. तबल्याच्या चाटीचे बोल तिच्यात ऐकू येतात, पण डग्ग्याचा घुमारा जवळजवळ नाहीच. ही कर्ण्याच्या मुद्रणाची ओळखीची खूण आहे, कारण खालचे स्वर कर्ण्याला पेलत नसत. म्हणजे ती विजेचे मुद्रण रूढ होण्यापूर्वीची, अर्थात दहा-बारा वर्षांच्या पट्ट्यातील आहे. हे अनुमानच आहे. पण ते वस्तूत आहे तेवढ्यावर उभे आहे.

पहिले मत आवाजाविषयीचे होते. आवाज बालगंधर्वांचाच, या म्हणण्याला दोन आधार दिले गेले : एक घरातील परंपरा आणि दुसरा आवाजातील गोडवा. त्या काळी रेवतीची भूमिका बालगंधर्व करीत हे खरे. परंतु लोकप्रिय पदे भूमिका करणारा नटच तबकडीवर गाई असा नियम नव्हता. गाजलेल्या नाट्यपदांना बाजारात मागणी असे आणि ती अनेक जण गात. राहिला गोडवा. त्याची परीक्षा आम्ही एका साध्या उपायाने केली. तबकडीत साथीला पेटी वाजते. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या असतात. तीत दोन पट्ट्यांच्या मधला स्वर वाजत नाही. घरातलीच पेटी आणवून आम्ही तबकडीतील षड्ज तिच्याशी ताडून पाहिला. तो काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्ये पडला. याचा अर्थ यंत्र तबकडीच्या मूळ गतीने फिरत नव्हते.

तबकडीवर अठ्ठ्याहत्तर फेऱ्या लिहिलेल्या असल्या तरी त्या काळच्या तबकड्या प्रत्यक्षात सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कोणत्याही गतीने मुद्रित झालेल्या आढळतात. गती शेकडा सहाने वाढली की सूर अर्ध्या स्वराने चढतो. साडेतीन मिनिटांचे गाणे बारा सेकंदांनी आटोपते, तानेची चपळाई वाढते, आणि मुख्य म्हणजे गळा पातळ होतो. आमच्या यंत्राला गती कमीजास्त करण्याचा खिटी-स्क्रू होता. फेऱ्या शहात्तरच्या आसपास आणल्या, तेव्हा षड्ज काळी दोनला बरोबर मिळाला आणि गळा पुरुषाचा वाटू लागला. ऐंशीवर नेल्या, तेव्हा तो पांढरी तीनला मिळाला आणि तोच गळा स्त्रीचा भासू लागला. एक स्क्रू अर्धा फिरविला की बैठकीतील मंडळी ‘बालगंधर्वच!’ म्हणत आणि पुन्हा फिरविला की ‘छे, ही कोणी बाई आहे’ म्हणत. रंगभूमीवर स्त्रीची भूमिका करणाऱ्या पुरुषाच्या आवाजाचा निवाडा ज्या गोष्टीवर व्हावयाचा, तीच गोष्ट यंत्राच्या स्क्रूच्या हाती होती. गतीचा निर्णय झाल्यावाचून गळ्याचा निर्णय करणे म्हणजे चष्म्याचा रंग न पाहता शालूच्या रंगावर मत देणे होय.

अशा वेळी विश्वासाची खूण दुसरीकडे असते. मधला कागद झिजला तरी कागदाच्या कडेला, रेघा संपतात तेथे, लाखेतच उमटलेला एक क्रमांक असतो. तो मूळ ठशाचा क्रमांक. कंपन्यांच्या जुन्या याद्यांशी तो ताडून पाहिला की गायक, गाव आणि साल यांचा छडा लागू शकतो. आमच्या तबकडीवरील क्रमांक आडव्या उजेडात धरल्यावर वाचता आला. आम्ही तो टिपून घेतला आणि नोंदीतील गायकाच्या नावाची जागा रिकामी ठेवली. घरातील वडीलधाऱ्यांना हे रुचले नाही, हे आम्हांस दिसत होते. वडिलांच्या तोंडून ऐकलेले नाव परक्या माणसाने कोरे सोडावे, हे कोणाला रुचेल? तेव्हा त्यांच्या स्मरणाची नोंद आम्ही निराळ्या ओळीत केली : ‘घरातील परंपरेनुसार बालगंधर्व.’ परंपरा ही परंपरा म्हणून नोंदविली तर ती पुरावाच आहे. ती निर्णय म्हणून नोंदविली की तिचा घोटाळा होतो.

दुसरे मत उच्चाराविषयीचे. ते आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्यात केवळ संगीताचा प्रश्न नाही. गाणाऱ्याचा ‘श’ ‘स’सारखा लागतो, कित्येक ठिकाणी तर दोन्ही ऐकूच येत नाहीत, ही त्या गृहस्थांची तक्रार होती. आम्ही पुन्हा ऐकले. तक्रार खरी होती. परंतु दोष कोणाचा? कर्ण्याच्या मुद्रणात सेकंदाला सुमारे दोन-अडीच हजार आवर्तनांच्या वरचा ध्वनी फारसा उतरत नसे. स्वरांचे मुख्य अंग त्याच्या खाली येते, म्हणून गाण्याचा सूर आपणांस शंभर वर्षांनंतरही ओळखता येतो. ऊष्म वर्णांची गोष्ट निराळी आहे. ‘स’चा सीत्कार बहुतांशी चार हजारांच्या पुढे असतो, ‘श’ थोडा खाली सुरू होतो, तरी त्याचाही मोठा भाग कर्ण्याच्या आवाक्याबाहेरच राहतो. या दोहोंतील भेद ज्या प्रदेशात आहे, तो प्रदेशच तबकडीवर नाही. जो थोडा उतरला असेल, तो पोलादी सुयांनी झिजविलेल्या रेघांच्या खरखरीत बुडून जातो, कारण ती खरखरही त्याच उंच प्रदेशातली. ज्या नाटकाच्या नावाची पहिली तीन अक्षरेच ‘स’ आणि ‘श’ यांच्या भेदावर उभी आहेत, त्याचे नाव उच्चारण्याला त्या काळच्या यंत्रासारखे अपात्र यंत्र दुसरे नसेल!

याची आणखी एक बाजू आहे. ज्यांना पद पाठ होते त्यांना ‘श’ स्पष्ट ऐकू आला, असे त्यांनी शपथेवर सांगितले. ज्यांना गायकाविषयी शंका होती त्यांना तो मुळीच ऐकू आला नाही. दोघेही एकाच वेळी एकाच खोलीत बसले होते. तबकडीत नसलेले अक्षर एकाच्या स्मृतीने पुरविले आणि दुसऱ्याच्या शंकेने नाकारले. फाल्गुनराव तसबिरीकडे पाहतो तेव्हा नेमके हेच घडत असते.

हिंडलग्यासारख्या गावी हा तपशील किरकोळ नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि आसपासची मराठी गावे त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेली. तत्पूर्वी दहा वर्षे, १९४६ च्या बेळगाव येथील साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने बळ धरले होते. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. १९८६ च्या कानडी सक्तीविरुद्धच्या आंदोलनात जे प्राणास मुकले त्यांचे स्मारक हिंडलग्यातच आहे आणि तेथे दरवर्षी १ जूनला त्यांना अभिवादन केले जाते. इतकी वर्षे जेथे भाषेवरून गावाचा हिशेब मांडला जातो, तेथे माणसाला प्रत्येक जुन्या वस्तूत दाखला शोधण्याची सवय लागते. शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, देवळावरचा लेख, तसे तबकडीवरचे पद. ही सवय हौसेने लागलेली नाही, आणि दूर पुण्या-मुंबईत बसून तिला हसण्याचा अधिकार कोणाला नाही. तथापि दाखला म्हणून पुढे केलेली वस्तू प्रथम वस्तू म्हणून तपासली पाहिजे. नाही तर आपल्याच हाताने आपला दाखला कच्चा ठरतो.

शिवाय तो गायक कानडी मुलखातला असता, तरी काय बिघडले असते? १८४२ च्या सुमारास उत्तर कानड्यातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून विष्णुदास भाव्यांना प्रेरणा मिळाली आणि १८४३ साली मराठी नाटक उभे राहिले. किर्लोस्करांनी आपल्या पदांसाठी कानडी चाली मोकळेपणाने घेतल्या. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, यांनी मराठी रंगभूमीवर भूमिका केल्या आणि मराठी श्रोत्यांनीच त्यांना ती पदवी देऊन डोक्यावर घेतले. मराठी संगीत नाटक या सीमेच्या दोन्ही अंगांच्या पाण्यावर वाढले. ‘आपले’ आणि ‘परके’ यांचा निवाडा करणारा कान त्या नाटकाच्या श्रोत्यांचा नव्हता. तो आपल्याला मागाहून फुटला आहे. आपल्या भाषेचा हक्क मागणे आणि आपल्या कलेतील परक्याचे ऋण मान्य करणे यांत विरोध नाही. उलट जो आपले ऋण नीट लिहून ठेवतो त्याच्या हक्काच्या कागदावर अधिक विश्वास बसतो.

तिसरे मत विनोदाविषयीचे. त्यातील निरीक्षण अगदी बरोबर आहे : तबकडीत हसू नाही. परंतु ते या तबकडीचेच उणे नव्हे. ‘संशयकल्लोळा’तील विनोद मुख्यतः गद्यात आहे. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांची भांडणे, एकाने अर्धे बोललेले दुसऱ्याने भलतेच पुरे करणे, भादव्यासारख्या चाकराचे साळसूद उत्तर, यांत तो आहे. गणपतराव बोडसांची कीर्ती या गद्याच्या बळावर झाली. पदांचा मोठा वाटा रेवती आणि अश्विनशेठ यांच्याकडे जातो, आणि बाजारात खपली ती पदे. तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्यात भांडण रंगत नाही, पण एक पद बसते. शिवाय विनोदाला समोरचा प्रेक्षक लागतो. हशा पिकला की नट क्षणभर थांबतो आणि त्या थांबण्यातच पुढचा हशा तयार होतो. कर्ण्यापुढे थांबणे म्हणजे मेण फुकट घालविणे!

हे आपल्याकडेच झाले असे नाही. इंग्लंडात गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची विनोदी संगीतके आपल्या संगीत नाटकाच्याच काळातली. त्यांचे ‘मिकाडो’ १८८५ साली रंगभूमीवर आले. १९१७ मध्ये त्याचे समग्र संगीत तबकड्यांवर उतरविण्यात आले, तेव्हा गद्य संवाद वगळले गेले, आणि गाण्यासाठी मुख्यतः ध्वनिमुद्रणात मुरलेले गायक निवडले गेले. रंगभूमीवर त्या भूमिका करणारे नट नव्हेत. संगीतकाची कीर्ती तबकडीने जगभर नेली, पण त्याची थट्टा घरीच राहिली. विनोदी संगीत नाटकाची ध्वनिमुद्रिका म्हणजे मुळातच अर्धे नाटक, आणि तेही कमी विनोदी असलेले अर्धे.

याचा परिणाम मात्र आपल्या अभिरुचीवर खोल झाला आहे. पुढील पिढ्यांना ‘संशयकल्लोळ’ प्रथम भेटले ते पदांच्या रूपाने : आधी तबकडीवर, नंतर नभोवाणीवर, मग मैफलीत. ‘मृगनयना’सारखे पद आपण रागाचा विस्तार म्हणून ऐकतो; ते एका संशयग्रस्त प्रियकराच्या नाटकातले आहे याचा विसर पडतो. रेवतीचे पद आपण प्रेमगीत म्हणून गुणगुणतो. ज्या मुलीच्या जन्मावरूनच समाजाने तिचा निकाल लावून ठेवला आहे, तिने ते म्हटले आहे, हे आपल्या ध्यानी राहत नाही. अश्विनशेठला तिच्याविषयी इतक्या झटकन संशय का येतो? ती गणिकेच्या घरची आहे म्हणून. फाल्गुनरावाच्या संशयाला आपण हसतो, पण अश्विनशेठच्या संशयामागे सारा समाज उभा आहे. देवलांनी ‘शारदा’ लिहिली होती. स्त्रीच्या वाट्याला येणारा अन्याय हसताहसता कसा दाखवावा हे त्यांना ठाऊक होते. गद्य बाजूस सारून नुसते पद ऐकले की रेवतीच्या गाण्यातील हा काटा निघून जातो आणि गोडवा तेवढा उरतो.

म्हणून त्या तरुण शिक्षकांना आम्ही एक सुचविले. तबकडी वर्गात लावावयाची तर आधी तसबिरीचा प्रवेश मुलांकडून वाचवून घ्यावा. एकाने फाल्गुनराव व्हावे, एकीने कृत्तिका. वर्ग हसून झाला की मग पद लावावे आणि विचारावे : इतका गोंधळ चालला असता ही मुलगी गात आहे, ती कोणासाठी गाते आणि तिचे कोण ऐकते? या रीतीने तबकडीतील अर्धे नाटक वर्गातील अर्ध्याला जोडले जाते. तबकडी निरुपयोगी नाही; एकटी मात्र ती पुरेशी नाही.

आता तबकडीच्या मोलाविषयी. गायक कोणीही असो, त्या पदात एक जागा अशी आहे की जेथे गाणारा तान घेण्याच्या बेतात असतो, मात्रा तशी रिकामी सोडलेली असते, आणि तो तान न घेता शब्दावर परत येतो. तीन मिनिटांच्या कोंडीमुळे हे झाले असेल अशी शंका आम्हांस प्रथम आली. परंतु शेवटी तबल्यासाठी वेळ उरलेला आहे. तेव्हा वेळ अपुरा पडला असे म्हणता येत नाही. ही निवड गाणाऱ्याची आहे. पद म्हणणारी रेवती आहे, मैफलीतील गवई नव्हे, हे तेथे कळते. रंगभूमीवर याच काळात एकेका पदाला वारंवार ‘वन्समोअर’ मिळून ती लांबत जात. तबकडीने त्यांना पुन्हा पदाचे माप दिले. यंत्राच्या अडचणीचा असाही एक उपकार आहे, आणि तो ऐकावयाचा तर स्क्रू कोठेही असला तरी चालतो. जपून ठेवण्यासाठी एवढे कारण आम्हांस पुरेसे वाटले.

घरातील मंडळींना आम्ही तबकडी जपण्याचा सल्ला दिला : उभी ठेवावी, उन्हापासून दूर ठेवावी, जुन्या पोलादी सुईने आता पुन्हा वाजवू नये, आणि योग्य यंत्रावर दोन्ही गतींनी तिची प्रत करून घ्यावी. सोबत ठेवण्याच्या चिठ्ठीवर पुढील मजकूर लिहिला : नाटक ‘संशयकल्लोळ’, पद रेवतीचे, मुद्रण कर्ण्याचे, १९१६ नंतरचे, ठशाचा क्रमांक अमुक, गती अनिश्चित, गायक — आणि ती जागा कोरी. त्याखाली घरातील परंपरेची ओळ. शेजारच्या गृहस्थांनी चिठ्ठी वाचली आणि उच्चाराविषयी एक ओळ घाला, असे सुचविले. आम्ही घातली : ‘ऊष्म वर्ण यंत्रदोषामुळे अस्पष्ट, त्यावरून गायकाच्या मातृभाषेचे अनुमान करू नये.’ त्यांनी ती दोनदा वाचली, आणि चिठ्ठी स्वतःच्या हाताने तबकडीच्या पाकिटात घातली.

नाटकाच्या शेवटी तसबिरीचा उलगडा होतो आणि सारी पात्रे आपापल्या तर्काला हसतात. अभ्यासकाच्या वाट्याला असा शेवटचा प्रवेश क्वचितच येतो. त्याने एवढेच करावे की, हाती आलेल्या तसबिरीत जे चितारलेले आहे ते नीट पाहावे, जे नाही ते कोणाच्या पदरी बांधू नये, आणि चिठ्ठीवरची जी जागा कोरी राहावयास हवी ती कोरीच ठेवावी.